पाटा बदललेली जीप आणि आंबेचोराची सबब

एखाद्या वस्तूचे अवयव एकामागून एक बदलत गेले असता अखेरीस हाती उरते ती वस्तू पूर्वीचीच समजावी की निराळी, हा प्रश्न ग्रीकांनी थीसियसच्या जहाजाच्या निमित्ताने उपस्थित केला आणि तेव्हापासून तो जहाजावरूनच शिकविण्याचा प्रघात पडला. कल्याणच्या माणसाला हा दृष्टांत परका वाटण्याचे वास्तविक कारण नाही. 1657 साली कल्याण-भिवंडी हस्तगत झाल्यानंतर शिवछत्रपतींच्या आरमाराची पहिली गलबते ज्या खाडीकाठी बांधली गेली, ती खाडी दुर्गाडीच्या पायथ्याशी अद्याप वाहते आहे. तथापि फळ्या बदलून जहाजाची डागडुजी करणारा सुतार आज तेथे शोधूनही सापडावयाचा नाही, आणि तुटलेला पाटा बदलून जुनी जीप पुन्हा चालती करणारा मिस्त्री मात्र भिवंडी रस्त्याला, शीळफाट्याला, मुरबाड रस्त्याला हमखास भेटतो. सबब प्रस्तुत विवेचनापुरते जहाज बाजूस ठेवून जीपच पुढे घेणे सोयीचे.

जीपला ट्रक म्हणण्यास कोणी हरकत घेईल, म्हणून आधीच सांगून टाकतो की अमेरिकन सैन्याच्या दप्तरात या वाहनाची नोंद पाव टनाचा ट्रक अशीच होती. मुंबईत महिंद्रांनी 1947 पासून विलीज जीपची जोडणी सुरू केली, आणि त्या घराण्यातील गाड्या पुढील कित्येक दशके सरकारी खाती, मक्तेदार, काळी-पिवळीवाले आणि लग्नाची वऱ्हाडे यांच्या ओझ्याखाली ठाणे जिल्ह्याच्या चढउतारांवरून धावल्या. त्यांपैकी तगून राहिलेल्या काही आज हौशी मंडळींच्या हाती आहेत. डोंबिवलीच्या सोसायटीत जागेवरून सेक्रेटरीशी हुज्जत घालीत त्या सांभाळावयाच्या आणि रविवार उजाडला की माळशेजच्या किंवा नाणेघाटाच्या बाजूला दगडधोंड्यांत खिळखिळ्या होईतो हाकावयाच्या, असा या मंडळींचा व्रतनियम आहे. व्रताचे फळ बहुधा सोमवारी मिस्त्रीकडे मिळते.

या गाडीचा सारा भार पोलादी पाट्यांच्या चार कमानींवर असतो. लांबीने उतरत जाणारे पाटे एकावर एक रचून त्यांच्या मध्यातून सेंटर बोल्ट ओवलेला असतो. सर्वांत लांब जो मेन पाटा, त्याची दोन्ही टोके वळवून डोळे केलेले असतात. एका डोळ्यातून पिन जाऊन तो चासीला खिळतो आणि दुसरा डोळा शॅकलमध्ये लोंबता राहतो, कारण भाराखाली कमान सरळ होऊ लागली की तिची दोन टोके एकमेकांपासून दूर जातात आणि त्या वाढीला कोठेतरी वाव ठेवावा लागतो. यू-बोल्ट ही कमान ॲक्सलच्या हाऊसिंगला आवळून धरतात. चाक खड्ड्यात आदळले की पाटे एकमेकांवर घासत वाकतात आणि पूर्वपदावर येतात. सहस्रावधी वेळा असे वाकल्यावर कधीतरी, बहुधा सेंटर बोल्टच्या भोकाशी किंवा डोळ्याच्या वळणाशी, बारीक चीर पडते, चिरेत पाणी शिरते, आणि अखेर एके दिवशी पाटा तुटतो. तुटलेल्या पाट्याचा छेद उजेडात धरून निरखला तर हा सारा इतिहास तेथे लिहिलेला आढळतो: चिरेचा जुना भाग गंजाने काळवंडलेला आणि घासून गुळगुळीत झालेला, शेवटच्या आघाताने तुटलेला भाग करडा, दाणेदार आणि चकाकणारा. म्हणजे मालक ज्या दिवशी ‘आज पाटा तुटला’ असे म्हणतो, त्याच्या कितीतरी आधीपासून तो तुटतच आलेला असतो.

प्रत्येक वस्तू क्षणोक्षणी पालटते असे मानणाऱ्या क्षणिकवादी बौद्धांना याहून उत्तम साक्षीदार मिळावयाचा नाही, आणि वाहनाचा दाखला देण्याची परंपराही मुळात त्यांचीच. मिलिंदपञ्हात भदंत नागसेन यवन राजा मिलिंदाला विचारतो की आपण रथातून आलात म्हणता, तर रथ कोणता ते दाखवा: दांडा हा रथ काय, आस हा रथ काय, चाके, जू, दोर यांपैकी कोणता रथ? राजाला प्रत्येक प्रश्नास नकारच द्यावा लागतो, आणि शेवटी उभयतांचे एकमत होते ते असे की या अवयवांच्या आश्रयाने चालणारा ‘रथ’ हा केवळ व्यवहार आहे. युक्तिवाद बिनतोड आहे. परंतु तो वाचताना माझ्या मनात एक शंका नेहमी येते, ती ही की नागसेनाचा रथ उभा आहे. उभ्या रथाचे अवयव बोटाने दाखवीत गेल्यास सर्व अवयव सारख्याच योग्यतेचे भासतात. तीच गाडी चालू लागली आणि त्यांतला एखादा निकामी झाला, म्हणजे कळते की काही अवयव नुसते असतात आणि काही इतरांना धरून असतात.

नैयायिकांचे म्हणणे नेमके या जागी ऐकण्याजोगे आहे. अवयवांहून निराळा असा अवयवी असतो, हे सिद्ध करताना न्यायसूत्रकार एक साधा हेतू देतात: वस्तूचा एक भाग धरून ओढला असता सगळी वस्तू ओढली जाते, एक भाग उचलला असता सगळी उचलली जाते, केवळ समुदाय असता तर असे घडते ना. (धान्याची रास एक दाणा धरून ओढता येत नाही.) मिस्त्री जॅकने चासी उचलतो तेव्हा शॅकलला लोंबत ॲक्सल आणि चाकेही वर येतात, हे नैयायिकाच्या बाजूचे प्रमाण. परंतु यू-बोल्ट ढिले पडून सेंटर बोल्ट कापला गेला, म्हणजे हाऊसिंग आपल्या बैठकीवरून मागे सरकते, मागचे एक चाक तिरके चालू लागते, आणि गाडीचे तोंड एकीकडे व चाल दुसरीकडे असा प्रकार होतो. तेथे एक भाग ओढल्याने सगळी वस्तू नीट ओढली जात नाही. मग अवयवी तेवढ्यापुरता उणावला म्हणावे काय? वैशेषिक यालाही कचरत नाहीत. वस्त्रातला एक धागा निघाला तरी पूर्वीचे वस्त्र नष्ट होऊन नवे खंडपट उत्पन्न झाले, असे ते बिनदिक्कत सांगतात. त्यांच्या हिशेबाने मुरबाडहून परतताना एक पाटा गमावलेली जीप ही निघतानाची जीपच नव्हे. आणि अवयव व अवयवी यांना जोडणारा जो नित्य समवाय ते मानतात, त्याबद्दल कोणी बौद्ध गॅरेजात उभा राहून एवढेच विचारील की जो समवाय पाना घेऊन आवळावा लागतो, आणि पुढल्या खेपेस पुन्हा आवळावा लागतो, तो नित्य कसला?

पाटा नेहमी बदललाच जातो असेही नाही. बसलेल्या कमानीचे पाटे सुटे करून भट्टीत तांबडे करावयाचे, घणाने ठोकून त्यांना पुन्हा बाक द्यावयाचा आणि तेलात बुडवून पाणी चढवावयाचे, ही जुनी रीत आहे. त्यानंतर पोलाद पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवावा लागतो, आणि घाईचा कारागीर नेमकी तीच पायरी गाळतो. हा पाटा तोच की दुसरा? मडके भाजले असता त्याचा रंग कसा पालटतो याविषयी आपल्याकडे जो पीलुपाक आणि पिठरपाक असा वाद झाला, तो अगदी या भट्टीसाठी झाल्यासारखा वाटतो. वैशेषिकांच्या मते मडके परमाणूंपर्यंत विघटित होऊन, तेथे पालटून, पुन्हा रचले जाते. नैयायिकांच्या मते मडके मडकेपणाने कायम राहते आणि गुण तेवढे बदलतात. पोलादाच्या पोटात तांबड्या उष्णतेवर कणांची रचना मोडून नवी बसते, हे आजचे धातुशास्त्र सांगते. म्हणून वैशेषिकांना मी पूर्वी हसत असे तितका आता हसत नाही.

सरकारदरबारी मात्र हा वाद केव्हाच निकालात निघाला आहे. ठाण्याचे एमएच-04 असो की कल्याणचे एमएच-05, परिवहन कचेरीच्या लेखी गाडीचे स्वत्व तिच्या चासी नंबरात असते. चासीच्या पट्टीवरील धूळ-ग्रीस पुसून, वर कागद धरून पेन्सिल घासली की आकडे उमटतात आणि तो ठसा दस्तऐवजाला जोडला जातो. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम नोंदीतील मूळ तपशिलाशी विसंगत असे फेरफार करू देत नाही. पण तुटलेल्या पाट्याच्या जागी तसाच पाटा घातला तर नोंदवहीत शाईचा थेंब पडत नाही. ही व्यवस्था रूक्ष वाटली तरी तिला धर्माचा आधार नाही असे समजू नये. पुरीस जगन्नाथाचा नवकलेवर विधी होतो, गेल्या दोन खेपांस तो 1996 आणि 2015 साली झाला, तेव्हा सगळा काष्ठविग्रह नवा घडवितात आणि डोळे बांधलेला सेवक जुन्या मूर्तीतील ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत ठेवतो. देवाचे ‘तेचपण’ त्या न पाहिलेल्या पदार्थात. कल्याणचा पत्रीपूल 2018 साली पाडला, 2021 साली नवा खुला झाला, आणि नाव तेच चालू राहिले. तेथे तर कोणी काही हलविल्याचेही ऐकिवात नाही.

इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने थीसियसच्या जहाजाच्या प्रश्नात एक पाचर मारून ठेवली आहे: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवून त्यांचे दुसरे जहाज बांधले, तर खरे जहाज कोणते? भंगारबाजारात हे नित्य घडते. एका गाडीचा काढलेला पाटा दुसरीत तिसऱ्या क्रमांकाला बसतो, शॅकल चौथीत जाते, आणि मालकांना त्याचा पत्ता नसतो. जोवर सर्व सुरळीत चालले आहे, तोवर खरी जीप कोणती हे विचारण्याची कोणाला निकडही भासत नाही, आणि या प्रश्नाचे मर्म मला येथेच दिसते. ‘तीच’ की ‘दुसरी’ हे आपण कुतूहलाने क्वचित विचारतो; हिशेब कोणाच्या माथी मारावयाचा हे ठरविताना विचारतो.

नागसेनाला हे पक्के ठाऊक होते. रथाच्या दृष्टांताची कीर्ती झाली, पण त्याच ग्रंथातला आंबेचोराचा दृष्टांत मला अधिक मोलाचा वाटतो. चोर पकडला जातो तेव्हा तो सबब सांगतो की मी नेलेले आंबे या मनुष्याने लावलेले नव्हतेच, त्याने लावले ते निराळे. नागसेन म्हणतो, तरीही तो दंडास पात्र आहे, कारण हे आंबे त्या आंब्यांच्या आधारानेच झाले. कायम राहणारा आत्मा नसला तरी कर्माचे देणे चुकत नाही, हे सांगण्यासाठी त्याने हा खटला उभा केला. जीपच्या बाबतीत त्याची प्रचीती मिस्त्रीच्या तोंडून येते: ‘साहेब, एकच बाजू बदलू नका, जोडी बदला. आणि बुश जुनेच ठेवायचे असतील तर पाटा कशाला घालता?’ मालक म्हणतो, तुटले तेवढे बदलले, मागचा हिशेब मिटला. पण पाटा ज्या कारणाने तुटला ते कारण झिजलेल्या बुशात, वाकलेल्या शॅकलमध्ये, ताणून लांबलेल्या यू-बोल्टात शिल्लक असते, आणि ज्याने माळशेज डोळ्यांनी पाहिलाही नाही असा नवा पाटा पहिल्या पावसाळ्यात त्या कारणाचा दंड भरतो. उलट बाजूनेही तेच: एका अंगाला नवी ताठ कमान आली की दुसऱ्या अंगाची थकलेली कमान आणखी बसते आणि गाडी तिकडे झुकते. एकही अवयव कायम न राहता दोष मात्र वारसाहक्काने पुढे जातो. त्यासाठी वेगळ्या अवयवीची गरज भासत नाही, पण जुन्याचा नव्याशी संबंध नाही असे म्हणण्याचीही सोय राहत नाही.

म्हणून अशी गाडी विकावयास काढली आणि बदलापूरचा कोणी गिऱ्हाईक ‘ओरिजिनल आहे ना?’ असे विचारू लागला, तर मालकाने चासी नंबराकडे बोट दाखवून मोकळे होणे हे आंबेचोराचे उत्तर झाले. कोणती कमान नवी, कोणती भट्टीतून काढलेली, कोणते बुश अजून जुनेच आहेत, हे दस्तऐवजात कोठेही लिहिलेले नसते; ते त्याला तोंडाने सांगावे लागते, आणि सांगितल्यावर चार पैसे कमी घ्यावे लागतात. गिऱ्हाईकानेही कागद जुळले एवढ्यावर समाधान न मानता गाडीखाली आडवे पडून यू-बोल्टच्या आजूबाजूला पाहावे; सगळीकडे गंज असून तेवढ्याच जागी पोलाद घासून उजळलेले दिसत असेल, तर कमान सरकते आहे.