पाहुणा की गुरू?

शाळेत बाहेरच्या माणसास बोलाविण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. स्नेहसंमेलनास प्रमुख पाहुणे येतात, बक्षिसे वाटतात, परिश्रमाचे महत्त्व सांगतात आणि शाल-श्रीफळ स्वीकारून परततात. त्यातून मुलांच्या मनात काय उरले, हे कोणी विचारीत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने निराळी वाट दाखविली. सहावी ते आठवीच्या काळात मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखाली घालवावेत, असे त्यात सुचविले आहे. या सूचनेत एक नैतिक प्रश्न दडला आहे, असे आम्हांस वाटते. ज्यास आपण बोलावितो, त्यास पाहुणा मानतो की गुरू?

गोमंतकातील घुमटाचे उदाहरण घेऊ. २०१९ साली त्यास राज्याच्या वारसा-वाद्याचा मान मिळाला. देवळात आरतीच्या वेळी घुमट, शामेळ व कासाळे यांचा घोष ऐकतच आपण वाढलो. परंतु ते मातीचे भांडे भाजतो कोण, त्याच्या तोंडावर कातडे ताणतो कोण, हे आपल्या किती मुलांस ठाऊक आहे? पूर्वी त्यास घोरपडीचे कातडे लावीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीस अभय दिले आणि कारागीर बकऱ्याच्या कातड्याकडे वळले. घुमट घडविणारा वर्गात येऊन बसला, तर मातीची पारख, नादाचे शास्त्र, प्राण्यांचे जीवन व कायद्याचा हेतू या साऱ्यांची ओळख मुलांस एका वाद्यातून होईल. यासाठी अभ्यासक्रमातले चार तास गेले, तर ते वाया गेले असे कोण म्हणेल?

मात्र येथे एक धोका आहे. आपल्या देवळांत कामे व मान बहुधा जन्माने ठरत आले. गोव्यात १९३३ च्या देवस्थान नियमावलीखाली महाजनपद आजही वंशपरंपरेनेच चालते. तो नियम शाळेच्या उंबरठ्याबाहेर राहिला पाहिजे. मद्रास राज्यात १९५३ साली राजगोपालाचारी यांच्या सरकारने मुलांनी निम्मा वेळ शाळेत व निम्मा वेळ घरचा धंदा शिकण्यात घालवावा, अशी योजना आणली. ती जातिभेदास बळकटी देते, हा आक्षेप इतका तीव्र झाला की १९५४ साली ती गुंडाळावी लागली. हेतू कितीही चांगला असो, कुंभाराच्या मुलास कुंभाराचेच चाक दाखविणारे शिक्षण त्याची वाट अडविते. पुरोहिताच्या मुलीचे हात मातीने माखले आणि कुंभाराच्या मुलास नादशास्त्राची गोडी लागली, तरच कारागिराची ती भेट सार्थकी लागली म्हणावयाचे.

आणखी एक गोष्ट व्यवहाराची, म्हणूनच न्यायाची. कारागिराचा एक दिवस म्हणजे त्याची एका दिवसाची मजुरी. वकिलाच्या सल्ल्यास मोल असते आणि कुंभाराच्या विद्येची बोळवण मात्र नारळावर होते, हे मुले पाहत असतात. त्यास मानधन द्यावे, शिक्षकाच्या शेजारी आसन द्यावे, आणि शक्य तर पुन्हा बोलवावे. विद्येचा मान कसा राखावा, हा धडा मुले आपल्या वागण्यातूनच गिरवितात.