ठराव आणि तिजोरी

नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 रोजी सुरू झाला आणि पाच वर्षे चालला, तरी दारे अस्पृश्यांसाठी उघडली नाहीत. 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला. हा इतिहास नाशिककरांना पाठ आहे. त्याच्या आधीच्या एका सरकारी गोष्टीकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. 1923 मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सरकारी खर्चाच्या विहिरी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असे ठरवले. मंदिर त्यात नव्हते, पाणी होते. महाड नगरपालिकेने चवदार तळे कागदावर खुलेही केले. पण 1927 मध्ये अस्पृश्य लोक खरोखर पाणी प्यायला उतरले, तेव्हा मारहाण झाली आणि नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. ठराव मोडल्याचा तिला पैचाही भुर्दंड पडला नाही. बोले यांना ही गोम आधीच कळली होती. ठराव न पाळणाऱ्या नगरपालिकांचे आणि लोकल बोर्डांचे अनुदान रोखावे, अशी शिफारस त्यांनी 1926 मध्येच मांडली होती. विषमता मोडणाऱ्या कायद्यात न पाळणाऱ्याच्या खिशाला हात घालणारे कलम नसेल, तर तो सुविचार ठरतो, असे मला वाटते.

याचा मोठा पुरावा अमेरिकेत सापडतो. 1954 च्या ब्राउन खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतली वर्णभेदी विभागणी घटनाबाह्य ठरवली. तरीही दहा वर्षांनंतर दक्षिणेत गोऱ्या मुलांबरोबर शिकणारी कृष्णवर्णीय मुले शंभरात जेमतेम दोन होती. मग 1964 चा नागरी हक्क कायदा आला. भेदभाव करणाऱ्या संस्थेचा केंद्रीय निधी बंद करता येईल, असे त्याचे सहावे प्रकरण सांगते. पाठोपाठ 1965 मध्ये शाळांसाठी केंद्राचा मोठा निधी आला. 1968 पर्यंत ते प्रमाण तिसाच्या वर गेले. वृद्धांच्या आरोग्यविम्याचे, म्हणजे मेडिकेअरचे, पैसे 1966 मध्ये सुरू होणार म्हटल्यावर शेकडो रुग्णालयांनी काही महिन्यांत वेगळे वॉर्ड मोडले. मने रातोरात बदलली नव्हती. हिशेब बदलला होता.

यावर आक्षेप येईल की पैशाने माणसाची दृष्टी बदलत नाही. खरेच आहे. गोरी कुटुंबे उपनगरांत निघून गेली, आणि 1974 च्या डेट्रॉइट खटल्यात न्यायालयाने शहर आणि उपनगरांच्या शाळा एकत्र करायला नकार दिला. पण दृष्टी बदलेपर्यंत तहानलेल्याने थांबावे काय? दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो: पैशाची योजनाच विषमता पोसू शकते. अमेरिकेच्या 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय कामगार तीच कामे करत. म्हणूनच पैसा कोणाला वगळतो, हे कायदा वाचताना आधी पाहायला हवे.

न पाळणाऱ्याच्या खिशाला हात घालायचा आणि कोणाला वगळायचे नाही, ही दोन्ही पथ्ये आपल्या महाराष्ट्राने एकदा बऱ्यापैकी पाळली. 1972 च्या दुष्काळात विस्तारलेली रोजगार हमी योजना 1977 मध्ये कायदा झाली. मागेल त्याला काम, पंधरा दिवसांत न दिल्यास बेकारभत्ता, आणि खर्चासाठी शहरी पगारदारांकडून व्यवसाय कर. भत्ता क्वचितच मिळाला, हे कबूल करायला हवे. तरी पैशाचा झरा निश्चित असल्याने कामे निघाली, आणि त्यावर मोठ्या संख्येने बाया आल्या. 2006 च्या वनहक्क कायद्यात मात्र दिरंगाईबद्दल सरकारी तिजोरीला टोचणारे कलम नाही. वनजमिनीचा दावा रेंगाळला तर तिजोरीला झळ नाही. झळ बसते ती पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी शेतकऱ्याला, कारण पट्टा नाही म्हणून सातबारा नाही, आणि सातबारा नाही म्हणून बँकेचे पीककर्ज मिळणे कठीण. मार्च 2018 मध्ये हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे 180 किलोमीटर पायी चालले, आणि सहा महिन्यांत दावे निकाली काढण्याचे आश्वासन घेऊन परतले. मार्च 2023 मध्ये दिंडोरीहून पुन्हा मोर्चा निघाला. मागण्यांत वनहक्काचे दावे होतेच.