आपले आणि परके : परड्यातील एक धडा

महात्मा बसवेश्वरांनी आपल्या एका वचनात कावळा आणि कोंबडी यांचा दाखला घेतला आहे. अन्नाचा कण दिसला तर हे क्षुद्र मानलेले जीवही एकटे खात नाहीत, आपल्या गणगोताला हाक देतात. मग शिवभक्ताच्या अंगी इतर भक्तांविषयी तेवढीही आस्था नसेल तर त्याची पायरी त्यांच्याहून खालची ठरते, असा त्या वचनाचा रोख आहे. प्रवचनातून हे वचन मी कितीदा तरी सांगितले असेन. परंतु कोंबडी आपल्या पिलांना प्रत्यक्ष कशी बोलावते, हे मी साठी उलटल्यावर पाहिले, आणि तेही हातून घडलेल्या एका अपराधामुळे. त्या अपराधाची हकिगत सांगून एक प्रश्न शरणबंधू-भगिनींपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

निपाणी भागातल्या आमच्या गावी आमचे परडे आणि शेजारच्या आक्कांचे परडे यांच्यामध्ये नुसते काट्याकुट्यांचे कुंपण. आक्का एकट्या. चार गावरान कोंबड्या, त्यांच्या अंड्यांवर मीठ-मिरचीचा खर्च. आमच्याकडे मोती नावाचा चार वर्षांचा कुत्रा, मळ्यात वाढलेला. एके दिवशी सकाळी मी त्याची दोरी नीट बांधली नाही. मी पूजेला बसलो आणि तो कुंपणातून पलीकडे गेला. आठ दिवसांची नऊ पिले घेऊन कोंबडी उकिरड्याशी माती उकरत होती. ती पळाली नाही. पंख फुगवून पिलांच्या आणि कुत्र्याच्या मध्ये उभी राहिली. एक मिनिटसुद्धा लागले नाही. मोतीने तिला खाल्ले नाही. माझ्यासमोर आणून टाकले आणि शेपटी हलवत उभा राहिला.

मी काठी घेऊन त्याला मारले. नंतर घरात येऊन जे बोललो ते आज लिहितानाही मान खाली जाते. मी म्हणालो, "नाहीतरी ती एक दिवस सुरीखालीच जाणार होती."

आमच्या सौभाग्यवती चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, "ती पुढं कधी आणि कशी मेली असती, त्याचा हिशोब आपण कशाला ठेवायचा? आज आपल्या दारातल्या कुत्र्यानं मारली. आता त्या नऊ पिलांचं काय करायचं ते सांगा."

मी पैसे घेऊन पलीकडे गेलो. आक्कांनी ते घेतले नाहीत. "पैसं घेऊन काय करू मास्तर? पिलांना पंखाखाली कोण घेणार?" एवढेच त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले.

शेवटी पिले आमच्या पडवीत आली. डालग्याखाली त्यांना ठेवले, उबेसाठी वर विजेचा दिवा टांगला, कणी घातली. भाऊबंदांपैकी एका वडीलधाऱ्यांनी विचारले, "लिंगपूजेच्या घरात कोंबड्या?" त्या वेळी मी गप्प बसलो. आज सांगेन की, अंतरंगशुद्धी आणि बहिरंगशुद्धी शरणांनी वेगळ्या मानल्या नाहीत. आईवेगळे केलेले जीव थंडीने मरू देऊन पडवी स्वच्छ ठेवणे ही कोणती शुद्धी? नवांपैकी सहा जगली. मोठी झाल्यावर ती आक्कांच्या खुराड्यात परत दिली, कारण ती त्यांची होती. त्यांतले दोन कोंबडे जत्रेला गेले, हे मला ठाऊक आहे. वाईट वाटले. पण आपण जगवले म्हणून दुसऱ्याच्या वस्तूवर आपली मालकी होत नाही, हेही तेव्हाच उमगले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कुत्रा आणि कोंबडी एका अंगणात सुखाने राहू शकतात काय? आणि राहिली, तर त्या राहण्याला आपण काय म्हणावे? भीती, सवय की दया?

मोती दुष्ट नव्हता. लांडग्यापासून आलेल्या या जातीत शिकारीच्या पायऱ्या उपजत असतात : नजर रोखणे, दबा धरणे, पाठलाग करणे, धरणे, मारणे. मेंढरे वळणाऱ्या कुत्र्यांत माणसाने शेवटच्या पायऱ्या पिढ्यानपिढ्या मंद केल्या आहेत, राखणीच्या कुत्र्यांत बहुतेक साऱ्याच. इतर कुत्र्यांत त्या कमीअधिक शिल्लक असतात, आणि फडफडत धावणारी कोंबडी पाहिली की जाग्या होतात. काठीने त्या विझत नाहीत. पिले पडवीत होती त्या महिन्यात मी हे रोज पाहिले. मी समोर असलो की मोती डोळे मिटून पडे. मी पूजेला आत गेलो की दोरी ताणून उभा राही. त्याच्या शांततेचे कारण मी होतो, पिले नव्हती. ही झाली भीती. मालकाची पाठ फिरली की ती संपते.

पण भीतीवाचूनही हे घडू शकते. झिंग-यांग क्वो या चिनी मानसशास्त्रज्ञाने 1930 साली मांजर आणि उंदीर यांच्यावरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. आईला उंदीर मारताना पाहत वाढलेल्या 21 पिलांपैकी 18 पिले उंदीर मारू लागली. एकटी वाढवलेल्या 20 पैकी 9 पिलांनी उंदीर मारले. आणि जन्मापासून उंदरासोबत एका पिंजऱ्यात वाढलेल्या 18 पैकी फक्त 3 पिलांनी. हे ज्ञान मुक्या जिवांच्या जिवावर मिळाले, हे विसरू नये. तरीही त्यातून दिसते ते मोठे आहे : ज्याला आपण जन्मजात वैर म्हणतो, त्याचा मोठा भाग बाळपणीच्या संगतीने ठरतो. कुत्र्याच्या बाबतीत ही संगतीची वेळ साधारणपणे तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतची. त्या काळात जे सोबत असतात, ते त्याच्या लेखी घरचे होतात.

याचे एक सुंदर उदाहरण ऑस्ट्रेलियात घडले. वॉर्नाम्बूल शहराजवळच्या मिडल आयलंड या चिमुकल्या बेटावर ओहोटीच्या वेळी कोल्हे जाऊन पेंग्विन पक्ष्यांना मारत. शेकड्यांनी असलेले पक्षी 2005 पर्यंत दहाच्याही खाली आले. त्या भागातला एक कोंबडीपालक आपल्या मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांची राखण मारेम्मा जातीच्या इटालियन कुत्र्यांकडून करून घेत असे. त्याच्या सूचनेवरून 2006 साली तसे कुत्रे बेटावर ठेवण्यात आले, आणि पुढच्या काही वर्षांत पेंग्विन शंभराच्या वर गेले. ज्या जातीचा दात पक्ष्याच्या मानेवर बसतो, तीच जात पक्ष्याची राखण करू लागली!

आमच्या परड्यातही थोडेसे असेच घडले. मोती वारल्यावर सात आठवड्यांचे एक पिलू घरी आणले. पडवीत वाढलेल्यांपैकी एक तलंग सवयीने कुंपण ओलांडून आमच्याकडेच चरायला येई. पुढे ती खुडूक झाली, आणि एकवीस दिवसांनी स्वतःची पिले घेऊन आली. कुत्र्याच्या पिलाने हुंगायला नाक पुढे केले, तशी तिने नाकावर चोच मारली. ते केकाटत माझ्या पायांशी आले. मी त्याला कुरवाळले, पण तिला हाकलले नाही. कित्येक आठवडे मी दोघांमध्ये दोरी हातात धरून बसत असे. आज तो कुत्रा मोठा झाला आहे. कोंबडी त्याच्या ताटलीतली भाकरी टिपते आणि तो पाहत पडून राहतो. दाणा सापडला की ती मान खालीवर करत भराभर हाक देते, आणि पिले कुत्र्याच्या पायांमधून धावत तिच्याकडे जातात. ती हाक ऐकली तेव्हा बसवेश्वरांचे ते वचन मला प्रथमच कानांनी ऐकू आले.

येथे लेख संपवला असता तर गोड झाला असता. पण सत्य अजून थोडे उरले आहे. मागच्या पावसाळ्यात वरच्या आळीतली एक कोंबडी चुकून आमच्या परड्यात शिरली, आणि घाबरून फडफडत पळाली. त्याबरोबर आमचा हा साधू उठला आणि तिच्या मागे लागला. मी ओरडलो म्हणून ती वाचली. जिच्यासोबत तो वाढला ती त्याची, ही परकी! क्वो यांच्या मांजरांतही ज्या तिघांनी उंदीर मारले, त्यांनी आपल्या पिंजऱ्यातल्या सोबत्याला मारले नाही.

प्राण्याची माया खरी असते, पण ती 'आपले' या शब्दापाशी थांबते. कोंबडीची हाकही आपल्याच पिलांना असते. यात त्यांचा दोष नाही. याहून पुढे जाण्याची शक्ती त्यांना दिलेली नाही. आपल्याला ती आहे. परक्याला 'आपला' म्हणायला बसवेश्वरांनी शिकवले ते याचसाठी. कुळ, जात, धंदा यांनी आखलेले 'आपले' पुसून त्यांनी अनुभवमंटपात सर्वांना एकत्र बसवले. दया हे धर्माचे मूळ मानणाऱ्याला तिला कुंपण घालता येत नाही.

आणि मी काय केले होते? मांसाहार न करणाऱ्या घरात जन्मलो, म्हणून स्वतःला दयावान समजत होतो. पण मेली ती 'त्यांची' कोंबडी होती, म्हणून तिचे मरण मला हलके वाटले. माझी दया माझ्या उंबऱ्यावर संपत होती, जशी या कुत्र्याची परड्याच्या कुंपणावर संपते. फरक एवढाच की, त्याला ते कळत नाही आणि मला कळायला हवे होते. त्या सकाळी काठी मी मोतीवर उगारली. त्याला तर आपण काय चुकलो हेही समजले नसेल. दोरी सैल बांधणारा मी होतो.

म्हणून ज्यांच्या घरी कुत्रा आहे आणि शेजारी कोंबड्या, त्यांना माझे सांगणे एवढेच : लहानपणीच ओळख घाला, काठीवर विसंबू नका, आणि दोघांना एकटे सोडण्याची घाई करू नका. कुत्र्याच्या दाताची जबाबदारी कुत्र्याची नसते. एवढे झाल्यावर क्षणभर स्वतःकडे पाहावे. कोणी पाहत नसताना, जो आपल्या पंगतीतला नाही अशाच्या बाबतीत, आपली दया जागी राहते काय? राहत नसेल, तर आपणही दोरीनेच बांधलेले आहोत, असे समजावे.

शरणु शरणार्थी.