कानातील तीन हाडे आणि रोजचा सदका



ईदुल अज्हा जवळ आली की अकोला-अमरावतीच्या बाजारांत जनावर घेणारा मनुष्य आधी बकऱ्याचा जबडा उघडून दात पाहतो आणि मग त्याचे दोन्ही कान हाती धरून उलटसुलट तपासतो. कान चिरलेला तर नाही, कापलेला तर नाही? ही केवळ वाडवडिलांची रूढी नव्हे. ह. अली (रजि.) यांच्या कथनानुसार कुर्बानीच्या जनावराचे डोळे व कान नीट निरखून घेण्याची आज्ञा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली होती.

आपण निरखतो तो बाहेरचा कान. त्याच्या आत, पडद्यापलीकडे, तीन अतिसूक्ष्म हाडांची एक साखळी आहे. बकऱ्याच्या कानात आहे, तशीच आपल्याही कानात आहे. प्रौढ मनुष्याच्या शरीरात 206 हाडे मोजली जातात; त्यांपैकी सहा या दोन कानांत आहेत. आकारावरून त्यांना हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी नावे पडली. खोगिराला लटकणारी, स्वाराने पाय ठेवायची ती रिकीब. अरबीतही या हाडाला ‘रिकाब’च म्हणतात आणि आपला मराठी शब्द त्याच घराण्यातला आहे. हे शरीरातील सर्वांत लहान हाड. लांबी सुमारे तीन मिलिमीटर, वजन सुमारे तीन मिलिग्रॅम. आपल्या वऱ्हाडातील ज्वारीच्या दाण्याएवढेही नाही!

या हाडांचे काम काय? विहिरीत बुडी मारलेल्या मुलाला काठावरून मारलेली हाक नीट ऐकू येत नाही, कारण हवेतून आलेला ध्वनी पाण्यावर आदळून बहुतांशी परत फिरतो. आपल्या अंतःकर्णातही द्रवच भरलेला आहे. पडद्यावर पडलेले कंपन ही तीन हाडे एकमेकांकडे सोपवतात आणि त्याचा दाब सुमारे वीस पटींनी वाढवून त्या द्रवापर्यंत पोहोचवतात. अल्लाहने ही योजना केली नसती तर प्रत्येक हाक आपल्याला पाण्याखालून ऐकल्यासारखी वाटली असती. युरोपातील शरीरशास्त्रज्ञांनी या हाडांचे वर्णन केले ते सोळाव्या शतकात. तोपर्यंत सारी मानवजात त्यांच्या आधारे ऐकत होती आणि ती आहेत हे जाणतही नव्हती.

सृष्टीत एकच साचा सर्वांना लावलेला नाही. कोंबडीच्या कानात तीन नव्हे, एकच हाड असते. कासवाच्याही कानात एकच. मात्र त्याच कासवाच्या पाठीवरची ढाल पाहा : बरगड्या आणि पाठीचे मणके हाडांच्या पट्ट्यांशी जुळून बनलेले ते छप्पर म्हणजे त्याच्या सांगाड्याचाच भाग आहे, वरून पांघरलेले घर नव्हे. प्रत्येक वस्तूला तिची घडण देऊन मग मार्ग दाखवणारा तो पालनकर्ता, अशी ओळख ह. मूसा (अलै.) यांनी फिरऔनला करून दिली होती; ती सूरह ताहामध्ये आहे.

आता त्या हदीसकडे या, जी आपण खुतब्यात अनेकदा ऐकली आहे. सूर्य उगवणाऱ्या प्रत्येक दिवशी माणसाच्या प्रत्येक ‘सुलामा’वर सदका देय असतो. भाषांतरात आपण ‘सांधा’ म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. परंतु अरबी भाषेच्या जाणकारांनी या शब्दाचा मूळ अर्थ हातापायांच्या बोटांतील लहान हाडे असा दिला आहे. तेथून तो सर्व हाडांना व सांध्यांना लागू झाला. मांडी, पाठ, कवटी यांची नावे न घेता लहानग्या हाडाचे नाव घेतले गेले, यावर थोडे थांबून विचार करावा. ह. आयेशा (रजि.) यांच्या कथनात सांध्यांची संख्या 360 आली आहे. काही उत्साही वक्ते लगेच वैद्यकीय पुस्तकांतून हीच बेरीज काढून दाखवतात. माझ्या मते हा खटाटोप अनावश्यक आहे. मोजणीच्या पद्धती बदलतात, आणि हदीसचा रोख मोजणीवर नसून कृतज्ञतेवर आहे. एवढे मात्र निश्चित की हातोडी व ऐरण यांच्यामध्ये आणि ऐरण व रिकीब यांच्यामध्येही खरेखुरे सांधे आहेत. त्यांचाही सदका आहे.

सूरह नह्लमध्ये आईच्या उदरातून अजाण अवस्थेत बाहेर येणाऱ्या माणसाला मिळालेल्या देणग्यांचा उल्लेख येतो, तेव्हा श्रवणाचे नाव दृष्टीच्या आधी येते. शरीरातील इतर हाडे वर्षानुवर्षे वाढत राहतात. कानातील ही तीन हाडे मात्र जन्मतःच जवळजवळ पूर्ण आकाराची असतात. ज्या बाळाच्या कानात आपण अजान देतो, त्याची ही साखळी तयारच असते.

आणि मग त्या कानाची आपण काय अवस्था करतो?

आपल्या मोहल्ल्यांत कान वाहणाऱ्या मुलांची वाण नाही. सर्दी झाली, कान दुखला, पू आला, घरच्यांनी कोमट तेल सोडले, दोन आठवड्यांनी थांबले; पावसाळ्यात पुन्हा सुरू. ‘मोठा झाला की बरा होईल,’ असे म्हणत वर्षे जातात. वस्तुस्थिती अशी की दीर्घकाळ वाहणारा कान ही हाडे खाऊ शकतो. बहुधा आधी ऐरणीचा लांब दांडा झिजतो, कारण त्याला रक्तपुरवठा मुळातच तुटपुंजा आहे. दुर्गंधीयुक्त पाणी येत असेल तर अधिक सावध व्हावे. पडद्यामागे कातडीची पिशवी वाढून हाड कुरतडत असल्याचे ते लक्षण असू शकते आणि तो विकार मेंदूपर्यंतही पोहोचू शकतो. वेळेत दाखवले तर पडदा शिवता येतो, तुटलेली साखळी रुग्णाच्याच हाडाचा तुकडा घडवून किंवा टायटेनियमचा जोड बसवून सांधता येते. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय आहे, अमरावतीत जुनी माणसे ज्याला इर्विन म्हणतात ते जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. मुलीच्या बाबतीत ‘लोकांना कळले तर सोयरीक अडेल’ म्हणून दडवणारे आईवडीलही आहेत. त्यांनी हे ध्यानी घ्यावे की अमानत लपवून ठेवल्याने तिचे रक्षण होत नाही.

मक्तबमध्ये शिकवणाऱ्या हजरतांना एक नम्र विनंती. मागच्या रांगेतील जो मुलगा हाक मारल्यावर ‘ओ’ देत नाही, ‘सीन’ आणि ‘से’ यांत पुनःपुन्हा गोंधळतो, सोबत्याच्या तोंडाकडे पाहून धडा म्हणतो, त्याला बेअदब ठरवण्याआधी त्याच्या पाठीमागून हळू आवाजात त्याचे नाव घेऊन पाहा. कदाचित तो ऐकत नसेल असे नाही. त्याला ऐकूच येत नसेल. ह. अबू जर (रजि.) यांच्याकडून आलेल्या एका कथनात दररोजच्या सदक्यांची यादी आहे. वाटेतील काटा, हाड, दगड दूर करणे, आंधळ्याला वाट दाखवणे, आणि बहिऱ्याला त्याला उमजेपर्यंत ऐकवणे. ज्या हाडांचा सदका आपल्यावर आहे, तो देण्याचा हा किती जवळचा मार्ग!

उपचार चालू असताना काय करावे हेही सांगून ठेवतो. कानात तेल, लसणाचा रस, काडी काहीही घालू नये. पडद्याला छिद्र असेल तर नदी-तलावात बुडी मारू देऊ नये आणि अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवावा. पाण्याने अपाय होणाऱ्या अवयवाबाबत शरीअतने सवलत दिली आहे; वुजू व गुस्लचा तपशील आपल्या मुफ्तींना विचारून घ्यावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके 2013 पासून अंगणवाड्या व शासकीय शाळांत मुलांची तपासणी करतात, तीत कानही येतो. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. जी मुले या तपासणीतून सुटतात, त्यांच्यासाठी मक्तबच्या जबाबदार मंडळींनी प्रवेशाच्या वहीत नाव, वडिलांचे नाव, पत्ता यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा : कान वाहतो का, आणि केव्हापासून?