वरचे दूध आणि मातृधर्म

आपल्या परंपरेने माता आणि अपत्य यांच्यातील हिशेब मोठ्या स्पष्टपणे लिहून ठेवला आहे. माता ही धनको, अपत्य हे ऋणको, आणि हे ऋण फिटण्याजोगे नाही. परंतु प्रत्यक्ष बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकले की हा हिशेब उलटा मांडलेला आढळतो. तेथे धनको अंग चोरून खाटेवर निजलेली असते, आणि तिच्याच नावावर बाकी काढणारी मंडळी भोवताली उभी असतात. बाकी असते दुधाची. जी स्त्री अपत्याला अंगावर पाजीत नाही, किंवा पाजावयाचे नाही असे जाणूनबुजून ठरविते, ती मातृधर्मास चुकली काय, हा प्रश्न मला येथे गर्भावस्थेतील मधुमेहाच्या निमित्ताने विचारावयाचा आहे. कारण त्या व्याधीत देह, दैव आणि निवड ही तिन्ही एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की दोन्ही पक्षांची ठरीव उत्तरे तेथे अपुरी पडतात.

गर्भारपणाच्या उत्तरार्धात वारेतून स्रवणारी संप्रेरके मातेच्या देहातील इन्सुलिनचा अंमल शिथिल करतात. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड जादा इन्सुलिन निर्माण करून ती तूट भरून काढते. काहींचे ते काढू शकत नाही, आणि रक्तातील साखर चढू लागते. ही साखर वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचते, मातेचे इन्सुलिन मात्र पोहोचत नाही. तेव्हा गर्भ आपले स्वतःचे इन्सुलिन वाढवून त्या अतिरिक्त साखरेची विल्हेवाट लावीत राहतो. ही उपपत्ती विसाव्या शतकाच्या मध्यास योर्गन पेडरसन या डॅनिश वैद्याने मांडली. नाळ कापताक्षणी साखरेची रसद तुटते, परंतु बाळाच्या रक्तातील इन्सुलिन आपला उद्योग तसाच चालू ठेवते, आणि म्हणून पहिल्या काही तासांत अशा बाळाची साखर धोक्याच्या पातळीखाली उतरू शकते. दुर्दैव असे की नेमक्या याच मातांना पान्हा फुटण्यास पुष्कळदा अधिक विलंब लागतो, कारण दूध घडविण्याच्या कामीही इन्सुलिनचा हात असतो. बाळाला घाई आणि मातेच्या देहाला उशीर, असा हा पेच आहे.

आमच्या नात्यातील एका मुलीच्या बाळंतपणात मी हा पेच जवळून पाहिला. मूल चांगले ३.९ किलो वजनाचे, गुटगुटीत, पाहणाऱ्याला वाटावे की याच्या प्रकृतीची चिंता ती काय करावयाची. परंतु परिचारिकेने त्याच्या टाचेला सुई टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला तो यंत्राने ३४ हा आकडा दाखविला, आणि डॉक्टरांच्या हुकमाने वाटी-चमच्याने डब्यातील भुकटीचे दूध तत्काळ सुरू झाले. सासरकडच्या आत्याबाई उशाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, एकदा वरचं दूध लावलंस की पोर अंगाला तोंड लावत नाही बघ. आमच्या वेळी कुठं होते हे डबे?" मुलगी म्हणाली, "आत्या, तुमच्या वेळी हे यंत्रही नव्हतं." एवढ्यावर तो संवाद थांबला असता, तर विषयही तेथेच संपला असता, कारण तान्ह्याची साखर सावरण्यापुरते वरचे दूध देण्यास आत्याबाईंचाही खरा विरोध नव्हता. प्रश्न उपस्थित झाला तो चौथ्या दिवशी, बाळाची साखर सावरली तेव्हा. स्तनपानाचा सल्ला देणाऱ्या बाईंनी पंपाने, दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध कसे वाढविता येईल ते समजावून सांगितले. मातेच्या दुधातील रोगप्रतिकारक द्रव्ये भुकटीत येत नाहीत, आणि पाजणाऱ्या मातेला पुढे मधुमेह जडण्याचा संभव कमी होतो, हेही सांगितले. मुलीने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हटले, "मला कळलं. पण मी डब्याचंच देणार." गर्भारपणाचे शेवटचे महिने तिने बोटे टोचून घेण्यात आणि मांडीत इन्सुलिनच्या सुया खुपसण्यात घालविले होते. आणखी एक वेळापत्रक, आणखी एक मोजमाप आपल्या देहावर चालविण्याची तिची तयारी नव्हती. त्याच संध्याकाळी कोणीतरी दूध वाढावे म्हणून अळिवाचे लाडू घेऊन आले. त्यांत गूळ किती होता ते विचारू नये.

तिच्या या उत्तराने खोलीत जी शांतता पसरली, तिच्या तळाशी एक फार जुना सिद्धांत आहे. सुश्रुतसंहितेत स्तन्यनाशाची कारणे सांगताना क्रोध आणि शोक यांच्या बरोबरीने अवात्सल्य, म्हणजे मायेचा अभाव, हेही कारण नोंदलेले आहे. आणि अन्यत्र, अपत्याच्या दर्शनाने, स्पर्शाने, नुसत्या स्मरणानेही दूध पाझरते व निरंतर स्नेह हाच त्याचा हेतू, असे म्हटले आहे. यातला दुसरा भाग आजच्या शरीरशास्त्राला सर्वस्वी मान्य व्हावा असा आहे, कारण बाळाच्या रडण्यासरशी मातेच्या देहात संप्रेरक सुटून पान्हा फुटतो ही गोष्ट आता निर्विवाद आहे. परंतु दूध पाझरणे निराळे आणि दूध घडणे निराळे. हा भेद ज्या काळी ठाऊक असणे शक्य नव्हते त्या काळी दुधाचे प्रमाण हेच मायेचे माप ठरले, आणि ते माप आजतागायत आपल्या घराघरांत वापरात आहे. आटलेला पान्हा ही मग व्याधी राहत नाही, तो चारित्र्याचा दाखला होतो. यावर कडी म्हणजे कर्मविपाकाचा घरगुती अवतार: पोटुशी असताना गोड खाल्ले म्हणून साखर झाली, साखर झाली म्हणून दूध नाही, आणि म्हणून हे त्याचे फळ. कर्माचा सिद्धांत इतका स्वस्त असता तर वारेच्या संप्रेरकांनाही प्रारब्धाच्या यादीत जागा द्यावी लागली असती.

ज्या परंपरेच्या नावाने हे सारे बोलले जाते, तिचे दफ्तर उघडून पाहिले तर तेथे वेगळेच कागद सापडतात. चौथ्या दिवसाच्या सुमारास मातेला दूध उतरते असे मानून सुश्रुताने त्याआधी बाळाला मध-तूप देण्यास सांगितले आहे. (आजचे वैद्यक वर्षाच्या आतल्या बाळाला मध वर्ज्य मानते, आणि ते योग्यच आहे.) पहिल्या दिवसांतील चीक, ज्याला आज अमृत म्हणतात, तो पिळून टाकण्याची चाल तर आपल्या आज्यापणज्यांच्या काळापर्यंत सर्रास होती. चरकाने धात्रीची, म्हणजे दूध पाजणाऱ्या दाईची, लक्षणे तपशिलाने दिली आहेत, आणि स्तन्याच्या अभावी शेळीचे किंवा गायीचे दूध द्यावे अशी मुभा वाग्भटाने दिलेली आहे. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजे जन्मले तेव्हा सईबाईंच्या प्रकृतिअस्वास्थ्यामुळे कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातील धाराऊंनी त्यांना आपले दूध पाजले, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्यावरून सईबाईंच्या मातृत्वात उणे काढण्याची हिंमत कोणी केल्याचे ऐकिवात नाही. भागवताने तर याहून पुढची मजल गाठली आहे. विष लावलेला स्तन देणारी पूतनाही, केवळ स्तन दिला म्हणून, मातेच्या गतीला गेली असे तेथे सांगितले आहे. विषारी दुधाला जो धर्म एवढे पुण्य देतो, तो डब्यातील दुधाला पाप ठरवील हे मला संभवनीय वाटत नाही.

येथे एक अप्रिय गोष्ट मात्र बोलली पाहिजे. धात्रीच्या प्रथेचा गौरव करताना धात्रीच्या स्वतःच्या तान्ह्याच्या वाट्याला काय उरले, हे विचारण्याची रीत आपल्याकडे नाही. थोरामोठ्यांच्या वाड्यातील भूक पुष्कळदा झोपडीतील भुकेवर भागविली गेली. त्या मानाने डबा निर्दोष म्हणावा, तर तोही अखेर वासराच्या तोंडचाच. दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून काही न घेता मनुष्याचे पोर वाढत नाही.

समंजस माणसे या ठिकाणी आपद्धर्माचा आधार घेतात. दुष्काळात विश्वामित्राने चांडाळाच्या घरातील कुत्र्याचे मांस घेतले, ही शांतिपर्वातील कथा सांगून ती म्हणतात की दूधच येत नसेल तर बिचारीने काय करावे? हा युक्तिवाद दयाळू आहे, आणि मला तो अपुरा वाटतो. यात स्त्रीला क्षमा मिळते ती केवळ असमर्थ म्हणून. समर्थ असल्याचे सिद्ध झाले की क्षमा रद्दबातल. मग प्रत्येक बाळंतिणीने आपल्या देहाची कैफियत सासरच्या कचेरीत गुदरावी आणि असमर्थतेचे पुरावे दाखल करावेत, असा प्रसंग येतो. आमच्या मुलीने हा बचाव स्वीकारला नाही, यात मला तिचे धैर्य दिसते. तिला दूध कदाचित आले असते. तिने लाभहानी ऐकून, समजून, हानीचा काही भाग पत्करून निर्णय केला. अठरा अध्याय उपदेश केल्यावर गीतेतील श्रीकृष्णही अर्जुनाला, याचा पूर्ण विचार कर आणि मग इच्छेस येईल तसे कर, असेच सांगतो; आत्याबाईंना तेवढा संयम अठरा वाक्यांनंतरही साधला नव्हता. इस्लामच्या धर्मग्रंथातही, सूरह अल-बकरातील २३३व्या आयतीत, पूर्ण दोन वर्षे स्तनपानाचा आदर्श सांगून लगेच म्हटले आहे की मातापित्यांनी परस्परसंमतीने व विचारविनिमयाने मूल आधी अंगावरून तोडले, किंवा दुसऱ्या स्त्रीकडे पाजावयास दिले, तर त्यांच्यावर दोष नाही. आदर्श सांगणे आणि दोष लावणे या दोन गोष्टींत जे अंतर या ग्रंथांनी राखले, ते आपण राखीत नाही.

माझ्या मते मातेचे कर्तव्य भरणाचे आहे: अपत्य उपाशी राहू नये, जगावे, वाढावे, आणि त्याला कोणाची तरी उबदार मांडी लाभावी. दूध हे त्या भरणाचे साधन आहे. उत्तम साधन आहे, यात वाद नाही. पण साधनाची निवड ज्याच्या देहावर ते चालावयाचे त्याच्या मुखत्यारीत असली पाहिजे. याचा अर्थ वरच्या दुधाचा व्यापारही निर्दोष, असा कोणी काढू नये. गरीब देशांत या भुकटीची जाहिरात ज्या रीतीने झाली, तिच्याविरुद्ध १९७७ मध्ये नेस्ले कंपनीच्या मालावर बहिष्कार पुकारला गेला, १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आचारसंहिता केली, आणि १९९२ मध्ये आपल्याकडे कायदा होऊन अशा जाहिरातींना मनाई झाली. डब्यावर बाळाचे वा बाईचे चित्र छापता येत नाही, आणि मातेचे दूधच सर्वोत्तम असे त्यावर ठळकपणे छापावे लागते. कायदा योग्य आहे. फक्त तो डबा रात्री दोन वाजता उघडणारी बाई ते वाक्य कितव्यांदा वाचीत असते, याचा विचार कायद्याने करावा अशी अपेक्षा नाही, तो आपण करावा. खरी चिंता करावयाची ती पाण्याची, आणि महागाईपायी भुकटी पुरविण्यासाठी चमचा कमी घालून दूध पातळ करणाऱ्या घरांची. द्रोणांच्या अश्वत्थाम्याला मुलांनी पीठ कालवलेले पाणी दूध म्हणून पाजले आणि तो आनंदाने नाचू लागला, ही आदिपर्वातील कथा आपण दारिद्र्याची म्हणून ऐकतो. ती आजही आरोग्याच्या खात्यात मोडते. ज्यांना आपले दूध द्यावयाचे आहे पण अद्याप येत नाही, त्यांच्यासाठी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी स्थापन केली, ती आशियातील पहिली. अशा पेढ्या जिल्ह्याजिल्ह्यांत असत्या तर निवड हा शब्द अधिक बाळंतिणींच्या बाबतीत खरा ठरला असता.

तेव्हा अशा घरी बाळाला पाहावयास जाणाऱ्यांना एक विनंती आहे. "दूध येतं का गं?" हा प्रश्न दाराबाहेरच ठेवावा. विचारावयाचेच असेल तर प्रसूतीनंतर सहा ते बारा आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन करावयाची साखरेची तपासणी तिने केली काय, ते विचारावे; कारण गर्भारपणी मधुमेह झालेल्या स्त्रियांना पुढे कायमचा मधुमेह जडण्याचा धोका इतरांहून कितीतरी अधिक असतो, आणि बाळाच्या कौतुकात ती तपासणी बहुधा राहून जाते. ती राहिली असेल, तर काही तास बाळाला सांभाळून तिला त्या कामासाठी मोकळे करावे.