पक्षीण आणि पिल्ले



जुन्या करारातील अनुवाद ह्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात एक लहानसा नियम आहे. रविवारच्या वाचनांत तो येत नाही, म्हणून बहुतेकांच्या कानांवरून तो कधी गेलेला नसतो. वाटेत पक्ष्याचे घरटे सापडले आणि पक्षीण अंड्यांवर किंवा पिल्लांवर बसलेली असली, तर पिल्ले नेण्यास मुभा आहे. आईला मात्र सोडून द्यायचे. एवढ्याशा नियमाला देवाने कल्याणाचे आणि दीर्घायुष्याचे अभिवचन जोडले आहे. हेच अभिवचन आईवडिलांचा मान राखण्याच्या आज्ञेलाही आहे!

देव खाऊ नका म्हणत नाही. अंडी पुन्हा होतील. आईच गेली तर पुढच्या वर्षी घरटे कोठून येणार?

संत थॉमस अक्वायनस ह्यांच्या मते, समाजाची काळजी ज्याच्याकडे आहे त्याने सर्वांच्या हितासाठी विवेकाने ठरवलेली व जाहीर केलेली व्यवस्था म्हणजे कायदा. हे 'सर्व' कोण? गर्भातल्या जिवासाठी आपण प्रार्थना करतो, आवाजही उठवतो. परंतु जे अजून गर्भातही आलेले नाहीत, त्यांना मत नाही, ग्रामसभेत उभे राहता येत नाही. त्यांची बाजू कायद्यानेच घ्यायला हवी.

गोव्यात हे घडले. डिचोली, सत्तरी, सांगे ह्या तालुक्यांतून लोहखनिज कित्येक वर्षे उपसले गेले. २०१२ साली खाणी थांबल्या. गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी निकाल दिला. खनिज विकून येणाऱ्या रकमेतील दहा टक्के एका कायमस्वरूपी निधीत टाकावेत, कारण पुढील पिढ्यांचाही त्या संपत्तीवर न्याय्य हक्क आहे, असा आदेश झाला. उत्खननावर तूर्त वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादाही घातली गेली.

दहा टक्के म्हणजे दशांश. बायबलच्या वाचकाला तो लगेच ओळखू येतो. पण दशांश असतो पिकाचा, आणि पीक पुन्हा येते. खनिज पुन्हा उगवत नाही. तेथे आईच विकली जाते. म्हणून आम्हांला तो दशांश अपुरा वाटतो. तरीही न जन्मलेल्यांच्या नावे काही बाजूला ठेवायचे, हे न्यायालयाने मान्य केले, ही मोठीच गोष्ट आहे. पुढच्याच वर्षी, २०१५ साली, पोप फ्रान्सिस ह्यांनी 'लाउदातो सी' ह्या विश्वपत्रात पिढ्यापिढ्यांमधील न्यायाचा हाच विषय मांडला.

खाणी आपल्या वसईत नाहीत. विहिरी आहेत. पावसाचे पाणी जमिनीत मुरते, ती अंडी. त्याहून अधिक उपसून टँकर भरू लागलो की आईला हात लागतो; समुद्राकाठी मग खारे पाणी आत शिरते आणि ते सहजासहजी मागे फिरत नाही. भूजलासाठी महाराष्ट्राचा २००९ चा कायदा आहे. परंतु रात्री वाडीत पंप सुरू होतो तेव्हा तेथे कोणी अधिकारी उभा नसतो, आपणच असतो.

पाणी विकावे की नाही, हे विचारायला काही कुटुंबे आमच्याकडे येतात. त्यांना आम्ही प्रथम एवढेच विचारतो: मे महिन्यात तुमच्या विहिरीला किती हात पाणी असते, आणि आजोबांच्या वेळी किती असायचे?