हेतु आणि सेवा

ज्याचा हेतु आम्हांस मान्य नाहीं, त्याची सेवा घेणें प्रामाणिकपणाचें काय? १८५२ सालीं अमेरिकन मिशनरी वाइल्डर कोल्हापुरांत आले. १८९४ सालीं डॉ. वानलेस यांनीं मिरजेस रुग्णालय उघडलें. दोघेही ख्रिस्ताची वार्ता घेऊन आले होते. आमच्या लोकांनीं शाळा घेतली, औषध घेतलें, आणि वार्ता बहुधा उंबऱ्याबाहेरच ठेवली. धर्मांतरें मोजणाऱ्यास हें अपयशच. बरा झालेला रोगी घरीं जातांना पाहण्याचा आनंद मात्र त्या मोजणींत येत नाहीं. हें सारें आमिष, असें आमचे कित्येक विद्वान् म्हणत, आणि ती शंका अगदींच निराधार नव्हती. परंतु अट घालून दिलेलें दान निराळें आणि आशा बाळगून दिलेलें निराळें. पहिला व्यापारच झाला. दुसरें नाकारावयाचें तर आईबापांनीं केलेलें संगोपनही नाकारावें लागेल. मिरज-सांगलीच्या हिंदु-मुसलमानांच्या तोंडीं वानलेसवाडी हें नांव आजही आहे.